कळफलक, कोच आणि कपाट

१

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने व्हिडिओ गेमविषयी गंभीरपणे लिहावे, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही थोडी ओशाळवाणी समजली जाते. चित्रपटावर लिहिलेले चालते, क्रिकेटवर ललित निबंध लिहिला तर कौतुकही होते. परंतु खेळाचे यंत्र म्हटले की तो प्रांत भाच्या-पुतण्यांचा, असा सार्वत्रिक समज आहे. प्रस्तुत लेखक गेली तीसेक वर्षे संगणकावर खेळत आला आहे आणि ही गोष्ट त्याने आपल्या सहकाऱ्यांपासून बराच काळ लपवून ठेवली होती, हे येथे कबूल करून टाकतो. आता ती लपवण्याचे प्रयोजन उरलेले नाही. ज्या प्रश्नाने मला गेले चार महिने छळले, तो वरकरणी बाजारातला असला तरी मुळात वाङ्मयविचाराचा आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रश्न असा : आयुष्यभर संगणकावर खेळलेल्या माणसाने कन्सोल घ्यायचे ठरवले, तर कोणता घ्यावा? आणि मुळात घ्यावा का?

निमित्त साधेच. माझा दहा वर्षांचा संगणक थकला. व्याख्यानांच्या टिपणांना आणि टंकलेखनाला तो पुरतो, नव्या खेळांना पुरत नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितले, ग्राफिक्स कार्ड बदलायचे तर एसएमपीएस बदलावा लागेल, तो बदलला तरी मदरबोर्ड जुना आहे, आणि मदरबोर्ड बदलला की प्रोसेसर आलाच. म्हणजे कॅबिनेटचा पत्रा तेवढा जुना राहील. आजच्या एका बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत अख्खा कन्सोल येतो, हे गणित भाच्याने कागदावर मांडून दाखवले. गणित बिनचूक होते. तरीही मला ते पटेना, आणि का पटेना ह्याचा शोध घेता घेता हा लेख झाला.

२

आधी आमच्या पिढीविषयी थोडे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जो 'टीव्ही गेम' येत असे, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम ह्या १९८३च्या यंत्राची नक्कल असे. त्याच्या प्लास्टिकच्या काडतुसांना आम्ही 'कॅसेट' म्हणत असू, आणि एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची जी ग्वाही वेष्टणावर असे, ती विसाव्या खेळानंतर पुनरुक्तीत विरघळून जाई. हे यंत्र उघडउघड खेळणे होते. परीक्षा आली की ते कपाटावर जाई.

संगणकाचे तसे नव्हते. संगणक 'अभ्यासासाठी' येत असे. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग जमवून तो करून आणला, तेव्हा त्याच्या पोटात 'प्रिन्स ऑफ पर्शिया' फ्लॉपीवरून शिरेल, ह्याची त्यांना कल्पना नव्हती. संगणकाला सोंग घेता येते. कन्सोलला ते येत नाही. आमच्याकडे गंभीरपणे खेळणारा माणूस बहुधा संगणकावरच का घडला, ह्याचे मला सुचणारे सर्वांत प्रामाणिक कारण हेच आहे. तांत्रिक श्रेष्ठत्वाचे युक्तिवाद आम्ही नंतर शोधून काढले.

पण सोंगासाठी आणलेल्या त्या यंत्राने आम्हांला एक विशिष्ट प्रकारचे वाचक केले, हेही खरे. डॉसच्या काळात एखादा खेळ चालू व्हावा म्हणून कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक ह्या फायलींत हात घालून ६४० किलोबाइटांतली जागा मोकळी करावी लागे. खेळाला आत असते, आणि त्या आत जाता येते, हा पहिला धडा तिथे मिळाला. दुसरा धडा 'डूम'चा. १९९३च्या डिसेंबरात आलेल्या ह्या खेळाच्या कर्त्यांनी खेळाचे यंत्र आणि त्यातला मजकूर (नकाशे, चित्रे, ध्वनी) वेगवेगळ्या फायलींत ठेवला होता. परिणामी जगभरच्या खेळाडूंनी स्वतःचे नकाशे रचले. १९९७मध्ये कर्त्यांनी मूळ संहितालेखही खुला केला. 'काउंटर-स्ट्राइक' १९९९मध्ये आला तो 'हाफ-लाइफ' ह्या दुसऱ्याच खेळावर रचलेले कलम म्हणून. 'डोटा' २००३मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'वर उगवला. म्हणजे संगणकावरच्या काही अतिशय लोकप्रिय कृती ह्या मुळात वाचकांनी समासात केलेल्या नोंदी आहेत.

रोलाँ बार्थने 'एस/झेड' (१९७०) ह्या ग्रंथात संहितांचे दोन वर्ग कल्पिले : जिचा केवळ उपभोग घ्यायचा ती वाचनीय, आणि जी वाचकाला लेखकाच्या जागी बसवते ती लेखनीय. हा भेद आपण वर्गात शिकवतो तेव्हा उदाहरणांसाठी अडखळतो. मला तो कधी अडखळत शिकवावा लागला नाही. माझ्या टेबलावर लेखनीय संहिता चालू होती.

तेव्हा कन्सोल घेणे म्हणजे समास कापलेली आवृत्ती घेणे, लेखनीयतेकडून वाचनीयतेकडे परत जाणे, अशी माझी समजूत होती. भाच्याच्या गणिताला माझा विरोध होता तो इथून.

३

ह्या समजुतीला पहिला तडा भाच्यानेच दिला. एका रविवारी तो माझ्या मागे उभा राहून पाहत होता. मी नवा खेळ उतरवला होता. सावल्यांची प्रत कमी कर, पोत मध्यम ठेव, ड्रायव्हर अद्ययावत कर, पुन्हा चालू कर, असे चालले होते. पाऊण तासाने तो म्हणाला, "मामा, तू गेम खेळतोस की सेटिंग खेळतोस?"

मला उत्तर सुचले नाही. मी हिशोब मांडला. गेल्या दहा वर्षांत मी किती खेळांचे नकाशे रचले? एकही नाही. किती खेळांत स्वतःची भर घातली? दुसऱ्यांनी केलेल्या चार-दोन भरी उतरवून घेतल्या, एवढेच. लेखनीयतेचा जो अधिकार मी छातीशी धरून बसलो होतो, तो मी प्रत्यक्षात सावल्यांची प्रत ठरवण्यासाठी वापरत होतो. समास रुंद असलेले पुस्तक घ्यायचे आणि समासात फक्त किराण्याची यादी लिहायची, असा हा प्रकार.

दुसरा तडा सैद्धान्तिक होता. कन्सोलच्या बंदिस्तपणाकडे आपण केवळ बंधन म्हणून पाहतो. त्याचा इतिहास वेगळे सांगतो. १९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होते अटारीच्या यंत्रासाठी कोणीही काहीही छापत सुटल्याने झालेला निकृष्ट खेळांचा सुळसुळाट. निन्टेन्डोने १९८५मध्ये अमेरिकेत पाय ठेवला तेव्हा यंत्रात एक कुलपाची चिप बसवली : कंपनीची अनुमती नसलेले काडतूस चालणार नाही. ही मक्तेदारी होती, ह्यात शंका नाही. पण तीच एक प्रकारची संपादकीय व्यवस्थाही होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आकृतिबंधाची आहे. संगणकासाठी खेळ लिहिणाऱ्याला आपला वाचक कोणत्या यंत्रासमोर, किती मोठ्या पडद्यासमोर, हातात काय घेऊन बसला आहे, हे ठाऊक नसते. कन्सोलसाठी लिहिणाऱ्याला ते अक्षरशः बोटांपर्यंत ठाऊक असते. दोन अंगठ्यांखाली दोन दांडे, तर्जनींखाली दोन-दोन कळा, हातात कंप. हे वृत्तासारखे आहे. वृत्त मोकळ्या लेखणीला आवळते, परंतु त्यामुळेच यतीचा अर्थ होतो. श्वास कुठे घ्यायचा हे कवी आणि वाचक दोघांनाही आधीच ठाऊक असते.

ह्याचे माझ्या माहितीतले सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३). दिग्दर्शक जोसेफ फारेस. (रसभंग होणार आहे, त्याबद्दल क्षमस्व, पण शोकांतिकेचा शेवट आधी ठाऊक असल्याने तिचे काही बिघडत नाही, हे ह्या वाचकांना सांगायला नको.) आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेले दोन भाऊ. डाव्या अंगठ्याने थोरला चालतो, उजव्याने धाकटा. धाकट्याला पाण्याची भीती आहे, कारण त्याच्या डोळ्यांदेखत आई बुडालेली. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला धरून जातो. शेवटाकडे थोरला मरतो, आणि खेळाडूचा डावा हात रिकामा होतो. हा रिकामेपणा पडद्यावर नाही. तो तळव्यात आहे. मग वाटेत पाणी येते. उजव्या हाताची कळ दाबून धाकटा पुढे जात नाही. काही केल्या जात नाही. आणि खेळाडूला उमगते, की आता थोरल्याची, डाव्या हाताची कळ दाबायची आहे. ती दाबताच धाकटा पोहू लागतो.

मी हा खेळ पहिल्यांदा कळफलकावर खेळलो होतो. तेव्हाही तो आवडला होता. पण कळफलकावर डावा आणि उजवा हात शंभर कळांवर सतत भटकत असतो. त्यातली चार बोटे मोकळी झाली, हे जाणवलेच नाही. पुढे एका मित्राच्या घरी कंट्रोलर हातात घेऊन तोच शेवट खेळलो आणि कळ दाबण्यापूर्वी काही क्षण थांबावे लागले. कृती तीच, शब्द तेच, चित्रे तीच, प्रत वेगळी. हस्तलिखिताच्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटणार नाही. आपण मात्र 'आशय तोच तर यंत्र कोणतेही' असे म्हणत राहतो.

फुमितो उएदाच्या 'शॅडो ऑफ द कोलॉसस'मध्येही (२००५) असेच आहे. महाकाय प्राण्याच्या अंगावरचे केस धरून लोंबकळायचे, म्हणजे कंट्रोलरच्या खांद्यावरची कळ दाबून धरायची. पात्राची पकड आणि खेळाडूची पकड एकच. बोट दुखू लागते आणि त्या दुखण्यासकट आपण एका निरपराध जिवाला मारत असतो. ह्या कृतीतला अपराधभाव बोटातून वर चढतो.

४

तर कन्सोल ही उणी आवृत्ती नसून वेगळी प्रत आहे, इतपत मी आलो. आता कोणता, हा प्रश्न. यंत्रांच्या ताकदीची कोष्टके बाजूला ठेवावीत, असे माझे मत आहे. मोठ्या संगणकावर वाढलेल्या माणसाला ताकदीने कन्सोल कधीच जिंकून घेणार नाही. त्याने एवढेच विचारावे, की जे माझ्या टेबलावर मिळत नाही, ते ह्या यंत्रात आहे काय?

ह्या कसोटीला एक्सबॉक्स पहिल्या फेरीत गळतो. यंत्र वाईट म्हणून नव्हे. मायक्रोसॉफ्ट आपले जवळजवळ सर्व नवे खेळ गेली कित्येक वर्षे विंडोजवरही आणते. आणि २०२५मध्ये तर तिचा 'गिअर्स ऑफ वॉर' प्रतिस्पर्ध्याच्या प्लेस्टेशनवरही गेला. ज्याच्या घरी संगणक आहे त्याला हे यंत्र घेणे म्हणजे घरातल्याच पुस्तकांची दुसरी प्रत घेणे.

निन्टेन्डोचे उलट. तिचे खेळ संगणकावर येतच नाहीत. २०१७च्या मार्चमध्ये स्विचसोबत आलेल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने मोकळ्या जगाच्या खेळांची कल्पनाच बदलली : डोंगर दिसला की चढता येतो, आणि नकाशावर खुणांची गर्दी करून कोणी तुम्हांला हाकत नाही. वेगळेपणाचीच कसोटी लावली तर निवड इथे संपायला हवी होती. पण भारतात ह्या यंत्रासाठी अधिकृत दुकानाऐवजी आयातदाराकडे जावे लागते, आणि बिघडले तर हमी कोणाची, हा प्रश्न उरतो. आणि जुन्या कृतींविषयी ह्या कंपनीचे धोरण ग्रंथपालाला रडवील असे आहे. वीच्या खेळांचे तिचे ऑनलाइन दुकान २०१९मध्ये बंद झाले. थ्रीडीएस आणि वी यू ह्यांचे २७ मार्च २०२३ रोजी. जे खेळ केवळ तिथेच विकले जात, ते त्या दिवशी बाजारातून नाहीसे झाले.

ह्या संदर्भात एक स्थानिक उपरोध नोंदवण्यासारखा आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ केला. पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा, राजवाड्यांची दृश्ये. तो २०२०च्या ऑगस्टमध्ये सर्वांत आधी प्रकाशित झाला तो स्विचवर; संगणकावर आणि इतरत्र ऑक्टोबरमध्ये आला. पुण्यात रचलेली कृती पुणेकराला आपल्या संगणकावर वाचण्यासाठी दोन महिने थांबावे लागले. यंत्राची निवड ही किती प्रमाणात आपली असते आणि किती प्रमाणात प्रकाशकाची, ह्याचे हे बोलके उदाहरण.

प्लेस्टेशन मधल्या जागी आहे. सोनीचे मोठे खेळ आता उशिरा का होईना संगणकावर येतात. २०१८चा 'गॉड ऑफ वॉर' २०२२मध्ये आला, २०१३चा 'द लास्ट ऑफ अस' नव्या रूपात २०२३मध्ये. धीर असलेल्या माणसाने थांबावे. पण सगळेच येत नाहीत. २०१५चा 'ब्लडबोर्न' दहा वर्षांनीही आला नाही, आणि 'शॅडो ऑफ द कोलॉसस'सुद्धा २०१८च्या नव्या आवृत्तीनंतर तिथेच राहिला. माझ्यापुरते बोलायचे तर एवढ्याने पारडे झुकले नसते. ते झुकले एका अगदी वेगळ्या गोष्टीने, आणि ती गोष्ट खेळाची नसून कपाटाची आहे.

५

माझ्या संगणकाच्या खात्यावर तीनशेच्या आसपास खेळ आहेत. त्यांतला एकही माझा नाही.

हे वाक्य मला स्वतःला पटायला वेळ लागला. स्टीम ही सेवा २००३मध्ये सुरू झाली आणि २००४चा 'हाफ-लाइफ २' डबा विकत घेऊनही तिच्या खात्याशिवाय चालेना. तेव्हा आम्ही कुरकुर केली, मग सवलतीच्या किमतींना भुललो, आणि पुढच्या दहा वर्षांत संगणकाच्या खेळाचा डबा दुकानांतून जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४मध्ये कायदा केला, की डिजिटल वस्तू 'विकत' देताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो हे स्पष्ट सांगावे. त्यानंतर स्टीमच्या पैसे भरण्याच्या पानावर ती सूचना दिसू लागली. जे आधीही खरे होते, ते आता छापून आले एवढेच. (पोलंडमधील गॉग ही सेवा २००८पासून कुलूप नसलेल्या प्रती विकते, तिचा अपवाद आदराने नोंदवतो.)

माझ्याकडे २००६-०७च्या सुमाराला घेतलेला एक डबा आहे. आत चकती आहे, पुस्तिका आहे, त्यावर क्रमांक आहे. तो क्रमांक तपासणारा सर्व्हर काही वर्षांपूर्वी बंद झाला. प्रकाशकाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. कोण प्रकाशक हे महत्त्वाचे नाही, असे अनेक आहेत. चकती शाबूत आहे, यंत्र शाबूत आहे, खेळ मात्र नाही.

म्हणजे परिस्थिती अशी झाली : ज्या यंत्राला आम्ही खुले म्हणून मिरवले, त्यावरची पुस्तके भाड्याची आहेत, आणि ज्याला बंदिस्त म्हणून हिणवले, त्यावरचे पुस्तक अजून दुसऱ्याच्या हातात देता येते. कन्सोलची चकती मी भाच्याला देऊ शकतो. भाचा ती त्याच्या मित्राला देऊ शकतो. वाचून झाल्यावर विकता येते, वापरलेली अर्ध्या किमतीत घेता येते. आपल्या गावोगावच्या फिरत्या वाचनालयांचे जे तत्त्व, तेच हे. २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर वापरलेल्या चकत्यांना निर्बंध घालण्याचे आणि यंत्राने दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावण्याचे जाहीर केले, तेव्हा एवढा गदारोळ झाला की काही दिवसांत तो बेत मागे घ्यावा लागला. सोनीने त्या वेळी खेळ मित्राला कसा द्यावा ह्याची एक 'मार्गदर्शक' चित्रफीत काढली होती. तीत एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबा देतो, एवढेच घडते. संगणकावर खेळणारे आम्ही त्या गदारोळाकडे लांबून पाहत हसलो होतो. आमच्याकडचा हा हक्क कधीच गेला होता आणि तो गेल्याचा गदारोळही झाला नव्हता.

हा हक्क अबाधित आहे असे समजण्याचे कारण नाही. चकतीवर जे छापलेले असते ते कित्येकदा कच्चे मुद्रित असते. खरा पाठ पहिल्या दिवशी इंटरनेटवरून उतरतो. २०२४च्या मार्चअखेर 'द क्रू' ह्या २०१४च्या खेळाचे सर्व्हर बंद झाले, तेव्हा चकती कपाटात असणाऱ्यांचाही खेळ संपला. त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेच्या युरोपीय निवेदनावर २०२५च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. २०२५मध्ये आलेल्या स्विच २च्या काही काडतुसांत खेळ नसतोच. असते ती खेळ उतरवून घेण्याची किल्ली. वेष्टण आहे, पाठकोरा आहे, आत एक चिठ्ठी : पुस्तक आमच्या गोदामात आहे, तूर्तास. नव्या प्लेस्टेशनचा चकतीचा कप्पा सुटा झाला आहे, आणि तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदवावा लागतो. दार बंद झालेले नाही. बिजागऱ्या मात्र तयार ठेवल्या आहेत.

आणि हा प्रश्न केवळ माझ्या कपाटाचा नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रकाशित झालेल्या अभिजात व्हिडिओ गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. आपण जुन्या मासिकांच्या फायलींसाठी ग्रंथालये पालथी घालणारी माणसे. ह्या आकड्याचा अर्थ आपल्याला अधिक कळावा.

६

तर निर्णय. मी चकतीचा कप्पा असलेले प्लेस्टेशन ५ घेतले, आणि जुना संगणक टाकला नाही. ज्याला ह्यात तडजोड दिसेल त्याला ती दिसो. माझ्या मते संगणकावर वाढलेल्या खेळाडूने तीन नियम पाळावेत. एक, जे टेबलावर मिळते त्याची दुसरी प्रत घेऊ नये. दोन, कप्प्याशिवायचे यंत्र स्वस्त पडले तरी घेऊ नये. वाचलेले पैसे हे देण्या-घेण्याच्या हक्काची किंमत असते. तीन, टेबल सोडू नये.

तिसऱ्या नियमाविषयी थोडे अधिक, कारण इथे माझे नुकसान खरे आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २' आता एक्सबॉक्सवर आणि प्लेस्टेशनवरही मिळतो. तो अंगठ्यांनी खेळून पाहावा आणि परत टेबलाशी यावे. शेकडो सैनिकांना एकाच वेळी हाकणे हे टेबलाचे, कागदपत्रांचे, कारकुनी आणि सेनापतीपदाचे एकत्र काम आहे. 'डिस्को एलिझियम' (२०१९) ही तर जवळजवळ कादंबरीच. दहा लाखांहून अधिक शब्दांचा तो खेळ कोचावरून आठ फुटांवरच्या पडद्यावर वाचणे म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतून वर्तमानपत्र वाचणे. आणि खेळाडूंनी घातलेली भर प्लेस्टेशनवर जवळजवळ नाहीच. 'स्कायरिम'च्या २०१६च्या आवृत्तीत ती आली खरी, पण बाहेरून नवी चित्रे वा ध्वनी आणण्यास सोनीने मनाई केली.

ह्यातला शेवटचा तोटा मराठी माणसाने विशेष मनावर घ्यावा, असे मला वाटते. तीस वर्षांत मी खेळलेल्या एकाही खेळात मराठीचे एक वाक्य मला भेटलेले नाही. 'मदर ३' हा जपानी खेळ निन्टेन्डोने इंग्रजीत आणला नाही, तेव्हा २००८मध्ये चाहत्यांनी स्वतःच त्याचे भाषांतर करून संगणकाच्या वाटेने प्रसृत केले. मराठीत असे काही व्हायचे असेल, तर ते कंपनीच्या कृपेने होणार नाही. ते कोणातरी हट्टी विद्यार्थ्याच्या टेबलावर, खुल्या फायलींत हात घालूनच होईल. बंद यंत्रात ही वाट नाही. भाषांतराचा अभ्यासक्रम आपण चालवतो. त्यात पुढच्या वर्षी एखाद्या छोट्या खुल्या खेळाचे संवाद मराठीत आणण्याचा प्रकल्प द्यावा, असे मी ठरवले आहे. तीस वर्षे समासात किराण्याची यादी लिहिल्याचे हे प्रायश्चित्त समजा.

यंत्र घरी आले त्याच्या पहिल्या रविवारी भाचा आला. त्याने येताना 'इट टेक्स टू'ची (२०२१) चकती आणली होती. हाही जोसेफ फारेस ह्यांचाच खेळ, आणि तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघे हवेतच. माझ्या टेबलाशी कायम एकच खुर्ची होती, हे मला त्या दिवशी कोचावर बसल्यावर लक्षात आले. दोन तासांत मी चौदा वेळा कड्यावरून पडलो. भाचा प्रत्येक वेळी थांबला.

जाताना चकती तो विसरला नाही. म्हणाला, "मामा, ही मित्राची आहे. त्याने शनिवारपर्यंतच दिली आहे." ज्या गोष्टीसाठी मी चार महिने घासाघीस केली, ती त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती, असे दिसते.